शुद्ध मराठीतला जबाब

ती केस विसरता आली असती तर बरं झालं असतं, पण ती काही विसरत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आता डोक्यातून गेले. ही मात्र खुनाची केस नसलेली खुनाची केस अजून तशीच आहे, आणि आठवली की मला आधी राग येतो. पूर्वी तो राग दुसऱ्यांचा यायचा. अलीकडे माझाच येतो.

निवृत्तीच्या काही वर्षं आधी माझी बदली सिंधुदुर्गात, अगदी टोकाच्या पोलीस ठाण्यात झाली. मी मूळचा सोलापूरकडचा. पाणी म्हणजे विहिरीत असतं तेवढंच, ही माझी समजूत. इथे हद्दीतलं शेवटचं गाव तेरेखोल नदीच्या मुखापासून थोडं आत, खाडीला लागून. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गोवा. गावातल्या माणसांचा डॉक्टर पलीकडे, मासळीचं गिऱ्हाईक पलीकडे, पेट्रोल पलीकडे, निम्मी सोयरीकही पलीकडेच. दोन राज्यांची हद्द ही त्यांच्या लेखी फक्त पोलिसांची अडचण होती. आम्ही समन्स घेऊन गेलो की माणूस होडीत बसायचा आणि दहा मिनिटांत दुसऱ्या राज्याचा होऊन जायचा. आम्ही काठावर उभे राहून त्याची पाठ बघायची. पहिल्या महिन्यातच मी वैतागलो होतो.

त्यात भाषेचा ताप. एका मारामारीच्या खटल्यात आमच्या हवालदाराने साक्षीदाराचा जबाब जसाच्या तसा मालवणीत लिहिला होता. कोर्टात बचावाच्या वकिलाने तो मला वाचायला लावला आणि प्रत्येक दुसऱ्या शब्दाचा अर्थ विचारला. मी अडखळत होतो आणि मागे बसलेले लोक तोंडाला रुमाल लावून हसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला मी सगळ्यांना सुनावलं, "यापुढे जबाब शुद्ध मराठीत लिहायचा. एकही मालवणी शब्द मला कागदावर दिसता कामा नये. दिसला तर ज्याने लिहिला त्याला नोटीस." हा हुकूम नीट लक्षात ठेवा. मी नंतर विसरलो होतो.

चारेक महिन्यांनी, थंडीच्या दिवसांत, एक पन्नाशीच्या आतबाहेरचे गृहस्थ ठाण्यात आले. त्याच खाडीकाठच्या गावचे, पण बरीच वर्षं पुण्यात नोकरीला. त्यांची अडुसष्ट वर्षांची विधवा आई गावच्या घरी एकटी राहायची. रविवारी फोन केला तर तिने उचलला नाही. सोमवारीही नाही. मंगळवारी ते स्वतः आले तर घराला कुलूप. मागच्या दाराने आत गेले, तर आईचा मोबाईल उशाशी पडलेला. "आई मोबाईलशिवाय शेजारीसुद्धा जात नाही," असं त्यांनी सांगितलं आणि लगेच संशयिताचं नाव घेतलं. संशयित म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, आईचा पुतण्या. शेजारच्याच घरात राहणारा, लग्न न केलेला, एक छोटी होडी आणि थोडे माड बाळगून असलेला माणूस. घराची जागा सामायिक, आणि त्यावरून दोन्ही घरांत जुना वाद.

मिसिंग रजिस्टरला नोंद केली आणि त्या गावच्या बीट हवालदाराला चौकशीला पाठवलं. हा हवालदार इथलाच, जुना आणि कामसू. एकच खोड, लिहिताना "सदर" आणि "उपरोक्त" घातल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं व्हायचं नाही. संध्याकाळी त्याने शेजारच्या म्हातारीचा जबाब आणून ठाणे अंमलदाराकडे ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो एका मोठ्या जत्रेच्या बंदोबस्ताला निघून गेला.

सकाळी मी तो जबाब वाचला. आजही तो मला पाठ आहे. "सदर वृद्ध महिला ही पैलतीरी गेलेली आहे. तिला तिच्या पुतण्यानेच पोहोचविले. ती आता परत येणार नाही. सुटली बिचारी."

चार वाक्यं. मी खुर्चीतून उठलोच. तीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ जबाब मला मिळाला नव्हता. प्रत्यक्ष शेजारीण सांगते आहे की पुतण्याने काकीला पोहोचवलं. आणखी काय पाहिजे? अशी साक्षीदार फुटू नये म्हणून मी लगेच दुसरा हुकूम काढला, की त्या म्हातारीकडे पुन्हा कुणीही जायचं नाही, तिचं नावही काढायचं नाही. हवालदाराला फोन करावा असं मला एकदाही वाटलं नाही. न समजण्यासारखं त्या कागदावर काही नव्हतंच.

पुतण्याला बोलावणं धाडलं. तो पहिल्या एसटीने आला. चाळिशी ओलांडलेला, सुकलेला, हातांना दोरीचे घट्टे. माझी चौकशीची एक पद्धत होती आणि मला तिचा फार अभिमान होता. संशयिताला मी फिर्यादीच्या समोर बसवायचो. गुन्हा करणारा माणूस फिर्यादीच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही, हे माझं ठाम मत. म्हणून एका बाजूला पुण्याहून आलेला मुलगा, समोर बाकावर पुतण्या, आणि मध्ये मी.

"काकीचं काय केलंस?" मी विचारलं.

त्याने मुलाकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. ऑफिसात बोलायची मराठी आठवत आठवत तो म्हणाला, "साहेब, मी काही वाईट केलेलं नाही."

"मग ती कुठे आहे?"

त्याने पुन्हा मुलाकडे बघितलं, पुन्हा मान खाली. मी मनात म्हटलं, सापडला.

त्या दिवशी मी सहा तास घालवले. गोड बोललो, दरडावलं, चहा पाजला, चहा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आश्चर्य म्हणजे तो रोज न चुकता सकाळच्या एसटीने यायचा, बाकावर बसायचा आणि संध्याकाळी परत जायचा. पळून जायचं तर खाडी दारात होती. खरं तर इथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण माणसाने एकदा मत बनवलं की समोरचं सगळं तो त्यातच बसवतो. मी म्हटलं, बेरकी आहे, पळालो तर संशय येईल हे त्याला कळतं.

इकडे मुलाने वरपर्यंत ओळखी लावल्या. वरून फोन सुरू झाले, "काय झालं? अटक का नाही?" मी त्याची होडी जप्त केली. शेजारच्या तालुक्यातून दोन मोठ्या होड्या मागवून खाडी धुंडाळली. भरती असली की होडीवाले म्हणायचे, ओहोटीला बघू. ओहोटी आली की म्हणायचे, असेल तर पाण्याबरोबर बाहेर गेलं असेल. अर्धी खाडी झाली की ते हात जोडायचे, "साहेब, इथून पुढे गोवा." मी काठावर उभा राहून दातओठ खात होतो.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "तेच्या माडांच्या आळ्यात ताजी माती आसा, बघा," आणि फोन ठेवला. पंच घेतले, फावडी घेतली, पुतण्याच्या माडांकडे गेलो. खरंच चार माडांच्या बुंध्याशी ताजी माती होती. दोन फूट खणल्यावर असा वास सुटला की पंचांपैकी एक बाजूला जाऊन ओकला. मी शिपायांना हळू खणायला सांगितलं. मुलगा भिंतीला धरून उभा होता. आणखी अर्धा फूट खाली गेलो, तर पाटीभर सडकी तारली निघाली. माडाला खत म्हणून या किनाऱ्यावर मासळी पुरतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला नव्हतं. मी त्या तारलीचाही पंचनामा केला. कागद अपुरा ठेवायची मला सवय नाही.

डोंगर पोखरून उंदीर तरी निघतो, इथे तारली निघाली. सगळा गाव कुंपणाबाहेर उभा राहून बघत होता. गावासमोर अशी शोभा झाली आणि माझं डोकं फिरलं. ठाण्यात परत आल्यावर मी पुतण्याला त्या मुलासमोर उभा केला आणि त्याच्या थोबाडीत मारली. तो हेलपाटला, भिंतीला हात टेकून सावरला. मुलाने नजर दुसरीकडे वळवली. पुतण्याने पुन्हा त्या मुलाकडेच बघितलं.

त्या संध्याकाळी मी ठरवलं, उद्या सकाळी अटक. कागदपत्रं तयार केली. प्रेत मिळालं नाही तरी शेजारणीचा जबाब आहे, मोबाईल आहे, जागेचा वाद आहे. न्यायालय कोठडी देईल. एकदा तो कोठडीत गेला की गावात पुन्हा मान वर करून चालू शकणार नाही, हे मला माहीत होतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. खुनी माणसाची मान वर राहायची गरज काय?

सकाळी अटकेआधी गावच्या पोलीस पाटलांना बरोबर घ्यावं म्हणून मी स्वतः गावात गेलो. पाटलांच्या घराला कडी होती. जेटीजवळ एक बाई चहाची टपरी चालवायची. तिला विचारलं, "पोलीस पाटील कुठे आहेत?"

"पाटील? ते पलतडी गेले, सायबानू."

चार दिवस माझ्या डोक्यात तो एकच जबाब फिरत होता. माझ्या कानांनी जे ऐकायचं तेच ऐकलं. परवापर्यंत धडधाकट माणूस. मी टोपी काढून हातात घेतली. "अरेरे. कधी?"

"आज सकाळीच."

"काय झालं होतं?"

"काय जातला? मासळी घेवन गेले."

मला काही उमगेना. "घरच्यांना कळवलं का?"

बाई चहा गाळायची थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. "घरच्यांक कित्याक कळवूक होया? धा वाजता येतले परत."

"पलतडी म्हणजे कुठे?" मी विचारलं.

तिने हनुवटीने खाडीकडे दाखवलं. "ही अलतड, ती पलतड. थंय गोंय नाय काय?"

मी टपरीच्या बाकड्यावर बसलो. पलतड म्हणजे पलीकडचा काठ. त्या गावात रोज शंभर माणसं पलतडी जातात आणि संध्याकाळी जेवायला घरी येतात. आणि माझ्या हवालदाराने माझ्याच हुकमाप्रमाणे त्या शब्दाचं शुद्ध मराठी केलं होतं, पैलतीर. काखेत कळसा आणि मी अख्खी खाडी धुंडाळत होतो.

तिथून थेट शेजारच्या म्हातारीकडे गेलो. ती अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती.

"आजी, तुम्ही हवालदाराला काय सांगितलं होतं? तुमच्या शब्दांत सांगा."

"आता परत? सांगलंय मां तेका. ती पलतडी गेली, पुतण्यान पोचयल्यान. आता खंयची येता ती इतक्यात? सुटली बापडी झिलाच्या तावडीतसून." मग तिने आवाज खाली आणला. "चेडवाकडे गेली हा. चेडू बाळंत झाला. पयलाच. अकरा वर्सांनी."

मी कपाळाला हात लावला. "आम्ही काल इथे माड खणत होतो. तुम्ही बघत होता. तेव्हा का नाही बोललात?"

"माका वाटला तुमी दुसराच कायतरी शोधतास. पोलिसांक इचारतलो कोण?" तिने सुपाऱ्या परतल्या. ती रागावली नव्हती. माझ्याच हुकमाने चार दिवस तिच्या दारात कुणी फिरकलं नव्हतं.

तिने सांगितलेली हकिकत अशी. बेपत्ता बाईच्या मुलीने अकरा वर्षांपूर्वी पलीकडच्या एका ख्रिश्चन घरात लग्न केलं. भावाने तेव्हा आईला बजावलं होतं, तिच्या दारात पाय ठेवलास तर माझं तोंड बघू नकोस. आई इतकी वर्षं गेली नव्हती. पण मुलीचं पहिलं बाळंतपण आईने करायचं असतं. निरोप आला तशी ती पुतण्याला घेऊन देवळात गेली, नारळ ठेवला आणि त्याच्याकडून वचन घेतलं, माझ्या झिलासमोर, म्हणजे मुलासमोर, यातलं अवाक्षर काढायचं नाही. मोबाईल मुद्दाम घरी ठेवला आणि पहाटेच्या भरतीला ती पुतण्याच्या होडीत बसली.

रीतीप्रमाणे पलीकडच्या ठाण्याला कळवलं. तिकडचा अंमलदार सगळं ऐकून इतका वेळ गप्प राहिला की तो हसतो आहे हे मला फोनवरूनही कळलं. मी, एक महिला पोलीस आणि त्यांचा एक शिपाई असे त्या मुलीच्या घरी पोचलो. मागच्या पडवीत आमची बेपत्ता म्हातारी पाटावर पाय पसरून बसली होती आणि पायांवर उपडं घेतलेल्या बाळाला न्हाऊ घालत होती. तिने आमचे गणवेश बघितले आणि पाण्याचा तांब्या खाली न ठेवता म्हणाली, "थांबा. पोराचा न्हाणा होवंदे."

आम्ही थांबलो. बाळाला पुसून, धुरी देऊन, आईजवळ निजवून ती बाहेर आली. "काय झाला? कोण मेला काय?"

"तुम्ही," मी म्हणालो. "आमच्या कागदावर."

मी तिला सगळं सांगितलं. माड खणल्याचं सांगितलं तेव्हा तिच्या तोंडावर हसू आलं. पुतण्या चार दिवस ठाण्याच्या बाकावर बसून आहे हे सांगितलं तेव्हा ते गेलं.

"तेना सांगूक नाय?"

"नाही."

"माझो झील थंयसर होतो?"

"रोज. मीच समोर बसवत होतो."

"मगे तो कसो सांगतलो?" ती म्हणाली, आणि पदर खोचून निघालीच.

ठाण्यात तिला बघून मुलगा उभा राहिला. आई जिवंत आहे आणि कुठून आली आहे, हे मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. मग त्याने विचारलं, "तब्येत कशी आहे?" कुणाची, ते त्याने सांगितलं नाही. म्हातारीने उत्तर दिलं, "दोगांव बरी आसत." तो खाली बसला. एवढा मोठा माणूस, पण त्याला रडू आवरेना. मला त्याचाही राग होता, पण त्या वेळी तो काढायला जागा सापडली नाही.

पुतण्याला मी आतल्या खोलीत नेलं. पहिल्यांदाच एकट्याला. विचारलं, "अरे, खुनाच्या आरोपात जाणार होतास. बोलायचं तरी."

आता तो त्याच्या भाषेत बोलला. "सायबानू, काकीन झिलासमोर बोला नको म्हटल्यान. पोलिसांक सांगा नको असा म्हणाक नाय. तुमी माका एकट्याक इचारलां असतां तर मी तेच दिवशी सांगलां असतां."

चार दिवसांत एकदा. मुलाला चहा प्यायला बाहेर पाठवलं असतं तरी पुरलं असतं. ज्या पद्धतीवर मी तीस वर्षं छाती फुगवून फिरत होतो, तिनेच त्याचं तोंड बांधलं होतं.

दोन दिवसांनी हवालदार जत्रेच्या बंदोबस्तावरून आला. मी तो जबाब त्याच्यापुढे आपटला. त्याने तो शांतपणे वाचला आणि म्हणाला, "साहेब, यात चूक काय आहे? ती पलतडीच होती. मला वाटलं, आपण वाचून गोव्यात माणूस पाठवला असेल." मग जरा घुटमळून म्हणाला, "आपलाच हुकूम होता, मालवणी शब्द दिसता कामा नये." त्याला नोटीस काढायची माझी फार इच्छा होती. काय म्हणून काढणार? त्यानंतरच्या हजेरीला मी हुकूम फिरवला. जबाब माणूस बोलेल तसा लिहायचा, आणि कळला नाही तर त्यालाच पुन्हा विचारायचं. ठाण्यात कुणी हसलं नाही, हे त्यांचे उपकार.

नंतरच्या नोकरीत नव्या पोरांना मी हेच सांगत आलो. कागद स्वच्छ दिसला की जास्त सावध व्हा. गप्प बसलेला माणूस काय लपवतो आहे हे विचारण्याआधी तो कुणासमोर गप्प आहे ते बघा. ऐकून ते माना डोलवायचे आणि बहुधा विसरायचे. मी रागवायचो नाही, कारण या सगळ्या शहाणपणात एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही.

काकी सापडली त्या दुपारी तिचा जबाब मी स्वतः लिहिला, तिच्याच शब्दांत, आणि वाचून दाखवला. अंगठा उठवण्याआधी तिने पुतण्याकडे नीट बघितलं. त्याच्या गालावर तेव्हा काही दिसत नव्हतं, आणि तो काही बोलणाराही नव्हता. तरी तिने मला विचारलं, "तेका मारल्यात?"

खोटं बोलता आलं असतं. खोली माझी, ठाणं माझं. "हो," मी म्हणालो. "एकदा."

तिने टेबलावरची सगळी फाईल बघितली. मिसिंगची नोंद, होडीचा जप्तीनामा, माडांचा पंचनामा, तारलीसकट. तिला वाचता येत नव्हतं. पानांवर हात ठेवून ती म्हणाली, "तां ह्येच्यात खंय लिवलात?"

नव्हतं लिहिलं. म्हणून आज इथे लिहितो आहे.